झाडाचा घेर

झाड पडलं तेव्हा वारा नव्हता. हे मी नंतर ज्याला ज्याला सांगितलं त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की वारा मीच कुठे तरी घडी घालून ठेवलाय. पण खरंच नव्हता. दुपारचे साडेतीन झाले होते, दोरीवरचे कपडे हलत नव्हते, आणि वन्सं आणि मी स्वयंपाकघरात चहा घेत होतो.

वन्सं म्हणजे माझी नणंद. माझा नवरा गेला त्या वर्षी त्या दोन दिवसांसाठी राहायला आल्या, त्याला आता आठ वर्षं झाली. तीस वर्षं त्यांनी एका कचेरीत पत्रं टाइप केली, त्यामुळे त्यांच्या बोलण्यालाही विषय आणि संदर्भ असतो. तेव्हा विषय साखरेचा होता.

आवाज आला तो जाड कापड एका दमात टरकावल्यासारखा. माझ्या मनात पहिलं हेच आलं, की कुणी तरी माझा ताका फाडतंय. मग दोन क्षण काहीच नाही. इतकं काहीच नाही, की वन्संनी चमचा बशीत ठेवला तोही ऐकू आला. आणि मग कौलं.

मागच्या खोलीचं दार उघडलं तर आत ऊन होतं. बावीस वर्षं मी त्या खोलीत शिवण करतेय, पण ऊन तिथे कधी आलंच नव्हतं. शेजारच्या झाडाची सावली छपरावर कायमची अंथरलेली असायची. आता अर्धं छप्पर नव्हतं, आणि सावली देणारं झाडच आत आलं होतं. कापायच्या टेबलावर एक जाड फांदी पाहुण्यासारखी कोपर टेकून बसली होती. गिऱ्हाइकांचे कागदी नमुने मी खुंट्यांना लटकवून ठेवते, ते पानांत अडकून सावकाश फिरत होते. एक बाही, एक कॉलर, कुणाच्या तरी पाठीचा अर्धा भाग. कौलांची लाल धूळ उन्हात तरंगत होती आणि खाली बसायचं नाव घेत नव्हती. मशीन पलीकडच्या भिंतीशी जसंच्या तसं उभं होतं. त्याच्यावर एक पान पडलं होतं, अगदी ठेवल्यासारखं.

"नशीब थोर तुमचं, वहिनी," वन्सं म्हणाल्या. "मशीन खिडकीखाली असतं तर?"

मशीन एकवीस वर्षं खिडकीखालीच होतं. गेल्या वर्षी मी ते हलवलं, आणि ज्यांनी विचारलं त्यांना उजेडाचं कारण सांगितलं. पलीकडची भिंत ही त्या खोलीतली सगळ्यांत अंधारी जागा आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

झाड होतं ठकठक डॉक्टरांचं. आमच्या दोन घरांच्या मध्ये तारेचं कुंपण आहे, त्याच्या पलीकडे एका वितीवर ते उभं होतं. डॉक्टर दातांचे. चाळीस वर्षं त्यांनी पुढच्या खोलीत दवाखाना चालवला. छोट्या आरशाच्या दांडीने प्रत्येक दातावर ठकठक करायची, मान तिरकी करून ऐकायचं, आणि मग विचारायचं, इथे दुखतं? गल्लीतल्या पोरांनी नाव पाडलं ते चिकटलं. दवाखाना बंद झाला तरी सवय गेली नाही. फाटकाचा खांब, दुकानातला पाव, टपालाची पेटी, डॉक्टर जाता जाता सगळ्यावर ठकठक करत. आणि रोज सकाळी झाडावर. ते झाड त्यांच्या बायकोने रोप असताना एका पत्र्याच्या डब्यातून आणलं होतं. डब्यावर नाव नव्हतं. बाई नाव विचारायच्या राहिल्या आणि नऊ वर्षांपूर्वी गेल्या, त्यामुळे ते झाड कशाचं हे ना डॉक्टरांना माहीत ना मला. उन्हाळ्यात त्याला पिवळी, नखाएवढी फुलं येत आणि ती माझ्या कौलांवर पडत. एवढीच त्याची ओळख.

त्या दुपारी डॉक्टर कुंपणापाशी आले, तारेवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाले, "कुणाला लागलं का?"

मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली. मोडक्या खोडाकडे त्यांनी पाहिलं नाही. आत गेले आणि खिडकी लावून घेतली. ती खिडकी बंद असताना कशी दिसते, हे मला त्या दिवशी कळलं.

विम्याच्या कचेरीत फोन वन्संनी लावला आणि बोलायला मला लावलं. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. तिने सांगितलं, की आठ दिवसांनी साहेब पाहणीला येतील. तोवर कशाला हात लावायचा नाही, पानसुद्धा हलवायचं नाही. साहेब एकच गोष्ट विचारतील: झाड पडणार हे आधी कुणाला माहीत होतं का? कुणालाच नसेल, तर कंपनी छप्पर घालून देईल. शेजाऱ्यांना असेल, तर शेजाऱ्यांनी घालून द्यायचं.

"आणि मला माहीत असेल तर?" मी विचारलं.

तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. असं कुणी विचारत नसावं. "मग मॅडम, तुमचं तुम्ही बघायचं," ती म्हणाली.

फोन ठेवेपर्यंत वन्संनी मशीनचं म्हणजे त्यांच्या टाइपरायटरचं झाकण काढलं होतं. डॉक्टरांना द्यायचं पत्र. त्यात 'वारंवार तोंडी सूचना देऊनही' असं होतं. या सूचना कुणी दिल्या, मी विचारलं. त्या म्हणाल्या, कुणी देत नसतं, पत्रात तसं असतं. छप्पर हवंय की नको? छप्पर मला हवंच होतं. छपराशिवाय खोली नाही, खोलीशिवाय काम नाही, आणि काम नाही तर आम्ही दोघी साखरेवर तरी काय बोलणार.

पण डॉक्टरांना माहीत होतं असं मी कशी म्हणू? मला माहीत होतं.

हे जरा नीट सांगायला हवं. कापडी टेप वापरून वापरून ताणला जातो, म्हणून मी दर वर्षी नवा घेते. बावीस वर्षांपूर्वी पहिला नवा टेप आणला तेव्हा तो कुणावर तरी लावून बघावा म्हटलं, आणि समोर झाडच होतं. कुंपणाच्या तारांतून दोन्ही हात घातले, खोडाभोवती टेप फिरवला आणि मापांच्या वहीत लिहिलं: झाड, घेर एकतीस. पुढे दर वर्षी नवा टेप आला की पहिलं माप झाडाचं. बत्तीस, साडेतेहेतीस, पस्तीस. वहीत त्याचं एक पान आहे, नवऱ्याच्या पानाच्या पुढचं. चांगलं गिऱ्हाईक. हलायचं नाही, पोट आत घ्यायचं नाही, आणि दर वर्षी थोडं भरायचं.

अठ्ठावन्नला ते थांबलं. दोन वर्षांपूर्वी पुन्हा अठ्ठावन्न. आणि गेल्या वर्षी साडेसत्तावन्न. मला वाटलं टेप चुकला, म्हणून जुना आणून लावला. साडेसत्तावन्नच. साल बोटाखाली कोरडी, सुटी सुटी लागत होती. बारीक होत चाललेलं गिऱ्हाईक मी एका हाताच्या मापात ओळखते.

पण आमच्या धंद्यात एक रीत आहे. माप बोलून दाखवायचं नाही. बाई कमरेला दोन इंच वाढली, तर आपण निमूट लिहायचं आणि आत माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, जास्त सोडायची. कुणी सुकलं, तर चुणी घालायची. ज्याचं अंग त्याला ते ठाऊक असतं, आपण कोण सांगणार? माझ्या हाताखाली तीन मुली शिकून गेल्या, त्यांना मी मशीनला दोरा ओवायच्या आधी हे शिकवलं. तर झाडाचंही मी तेच केलं. निमूट लिहिलं, आणि मशीन खिडकीखालून हलवलं.

आता ते झाड घरात होतं आणि त्याला हलवायची मनाई होती.

पहिले दोन दिवस मी दाराशी उभी राहून बघत असे. तिसऱ्या दिवशी शाळेचे सात गणवेश द्यायचे होते, म्हणून आत जाऊन बसले. मशीनपर्यंत जायला एका फांदीखालून वाकावं लागे आणि दुसरीवरून पाय टाकावा लागे, नदी ओलांडल्यासारखा. एकदा बसलं की मात्र बरं वाटे. पानं हिरवी होती. आपण पडलोय हे झाडाला अजून कळवलेलं नव्हतं. सकाळी उन्हाचा एक पट्टा टेबलाच्या कडेने चढायला लागे आणि मी टीप घालत असताना कापडावरून सरकत जाई, मग कापड कुठल्या रंगाचं आहे हे मलाच थोडा वेळ समजत नसे. मुंग्यांची जुनी वाट खोडावरून होती. खोड आडवं झालं तर त्यांनी वाटही आडवी केली आणि माझ्या दोऱ्यांच्या डब्यावरून न चुकता जायला लागल्या. दोन चिमण्या रोज येऊन कागदी कॉलरवर बसत आणि ती खाली-वर होई, जणू आत कुणाची तरी मान आहे.

नमुने मीही मग फांद्यांनाच लावायला लागले. खुंट्या गेल्याच होत्या. गिऱ्हाइकं येत आणि दारातच हळू बोलायला लागत. एक बाई घाईघाईत गणवेश न्यायला आली ती तासभर स्टुलावर बसून राहिली, मुलाचं काही बोलली, आईचं काही बोलली, आणि गणवेश न घेताच गेली. एका म्हाताऱ्या बेकरीवाल्याने फांदीला टोपी अडकवली, घरच्यासारखी. पाय मशीनवर चालत राही, पान गळून कापडावर पडे, आणि एकदा तर मी ते पान बाहीच्या शिवणीत घेतलं. उसवायला हवं होतं. नाही उसवलं. कुणाच्या तरी दंडाला ते आज कुठे तरी टोचत असेल.

स्वप्नात असतं तसं होतं ते: सगळं मोडलेलं, आणि कुणाला त्याचं काही नाही. वन्सं रोज दारात येऊन दिवस मोजत. उरले पाच. उरले चार. पत्र तयार होतं. आणि समोरची खिडकी बंदच. सकाळची ठकठक बंद झाल्यामुळे मला नऊ वाजलेले कळत नसत.

पाचव्या दिवशी सुई पडली ती शोधत मी खिडकीबाहेर, मागच्या अंगणात गेले. तिथे खोडाचं मोडलेलं टोक माझ्या भिंतीला टेकलं होतं. मी पहिल्यांदाच ते जवळून पाहिलं. लाकूड आत काळं, भुसभुशीत झालं होतं, आणि त्या काळ्यात काही तरी गुळगुळीत होतं. दगड म्हणावं तर दगड नव्हे. बाहेरच्या बाजूने त्याला सालीचा रंग दिलेला, सालीच्या रेघासुद्धा बारीक ओढलेल्या. मी बोट फिरवलं आणि जीभ आपोआप माझ्या उजवीकडच्या दाढेवर गेली. ती दाढ बारा वर्षांपूर्वी डॉक्टरांनीच भरली होती. हाच गुळगुळीतपणा, हीच काठावरची सफाई. भरलेलं कुठलं आणि आपलं कुठलं, हे जिभेशिवाय कुणाला कळणार नाही.

डॉक्टरांनी झाडाचा दात भरला होता.

मी तिथेच पायरीवर बसले. हसू यायला लागलं आणि मग आलं नाही. रोज सकाळी ठकठक करताना कधी तरी त्यांना पोकळ आवाज आला असणार. त्यांनी तेच केलं जे चाळीस वर्षं केलं होतं. कीड खरवडून काढली, सिमेंट भरलं, घासलं, रंग जुळवला. झाडाच्या त्यांच्याकडच्या बाजूला, छातीच्या उंचीवर, मला दिसणार नाही असं. आणि झाड नेमकं त्या भरावाच्या काठाशी मोडलं होतं.

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. आता हे सिमेंट साहेबांनी पाहिलं, की छप्पर डॉक्टरांच्या अंगावर. वन्संचं पत्रही खरं ठरणार, निदान निम्मं. मला काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं उभं राहायचं होतं.

मी आत गेले आणि तपकिरी अस्तराचा तुकडा शोधला. नुसतं फडकं टाकलं असतं तरी चाललं असतं, पण हाताला ढिसाळ काम येत नाही. टोकाचा घेर घेतला, चार तिकोनी कळ्या कापल्या, काठाला इलॅस्टिक घातलं आणि खोडाला बेतशीर टोपी शिवली. ती घालून मागे सरून पाहिलं तर अगदी अंगासरशी बसली होती. वन्संनी विचारलं हे काय. मुंग्या फार जातात, मी म्हटलं. बाहेर कशा दिसत नाहीत मग, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जातात म्हणजे आत जातात.

वन्सं तीस वर्षं कचेरीत होत्या. त्यांनी टोपीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विषय बदलला. ही त्यांची सगळ्यांत मोठी धमकी असते.

पाहणीचे साहेब आले ते बुटके, गंभीर गृहस्थ होते. कोटाचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली. कुणी शिवला होता देव जाणे. त्यांच्याकडे स्टीलचा टेप होता, सोडला की सपकन आत जाणारा. त्यांनी भोक मोजलं, कौलं मोजली, फांद्या मोजल्या, फोटो काढले. फांद्यांवरचे नमुने पाहून, हे कोण, असं त्यांनी विचारलं. काय नव्हे, कोण. मी म्हटलं, गिऱ्हाइकं. त्यांनी ते लिहून घेतलं.

मग आम्ही अंगणात आलो. वन्संच्या हातात पत्र होतं. साहेबांनी टोपी पाहिली.

"हे काय?"

"मुंग्या," वन्सं म्हणाल्या, मी तोंड उघडायच्या आत. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल इतकं प्रेम वाटलं, की सांगता येत नाही.

साहेबांनी टोपीकडे हात नेला. आणि त्याच वेळी समोरची खिडकी उघडली. आठ दिवसांनी. डॉक्टर खिडकीत उभे होते आणि ते आमच्याकडे नाही, टोपीकडे बघत होते. ती बेतून शिवलीय हे त्यांना तेवढ्या लांबूनही दिसलं असणार. त्यांनाही सफाई कळते.

"थांबा," मी साहेबांना म्हटलं. "तुम्हाला जे विचारायचंय ते मला विचारा."

आत जाऊन मी मापांची वही आणली आणि झाडाचं पान उघडून त्यांच्या हातात दिली. एकतीसपासून साडेसत्तावन्नपर्यंत. साहेबांनी दोनदा वाचलं. मग विचारलं, म्हणजे ते सुकतंय हे तुम्हाला कळलं होतं?

"कळलं होतं. मशीन हलवलं मी. तोंड तेवढं हलवलं नाही."

वन्संनी श्वास आत घेतला. छप्पर गेलं, हे त्या श्वासातच होतं. साहेबांनी पेन काढलं. पण डॉक्टर खिडकीतून नाहीसे झाले होते, आणि मग त्यांच्या फाटकाचा आवाज आला. कुंपणावरून येता येत नाही, रस्त्याने वळसा घालून यावं लागतं. शहात्तर वर्षांच्या माणसाला तेवढ्यालाही वेळ लागतो. आम्ही तिघं रस्त्याकडे बघत उभे होतो. का कोण जाणे, साहेबांनीही काही लिहिलं नाही. एक पान गळालं. पानं आता पिवळी पडायला लागली होती; झाडाला बातमी पोचली होती.

डॉक्टर आले ते सरळ खोडाकडे गेले. टोपी काढली, उलटी करून आतली शिवण पाहिली, नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. मग आरशाच्या दांडीने सिमेंटवर ठकठक केलं. भरीव आवाज आला. बाजूच्या लाकडावर केलं. काहीच आवाज आला नाही.

"हे मी भरलं," ते साहेबांना म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी. आत पोकळ वाजत होतं."

साहेबांनी विचारलं, झाडं कापणाऱ्या कुणाला का नाही दाखवलं? डॉक्टर म्हणाले, दाखवलं असतं तर त्यांनी काढायला सांगितलं असतं. मग विद्यार्थ्यांना सांगावं तसं म्हणाले, "दात वाढत नाही, डोलत नाही. भरला की संपलं. झाड रोज डोलतं. आत हा धोंडा, आणि बाहेरून ते डोलतंय. इतकी साधी गोष्ट. माझ्या कामात ती कधी आडवी आली नव्हती."

मग त्यांनी साहेबांच्या हातातून वही घेतली. चष्मा कपाळावर सरकवून, डोळ्यांजवळ धरून वाचली. त्यांचं बोट दोन वर्षांपूर्वीच्या अठ्ठावन्नवर थांबलं.

"त्याच वर्षी थांबलं," ते म्हणाले. "मी बरं करतोय असं मला वाटत होतं. तुम्ही बोलला असता तर..."

"तुम्ही तरी कुठे बोललात," मी म्हटलं.

मग आमची जी काही बाचाबाची झाली तिला भांडण म्हणता येणार नाही, पण सौजन्यही म्हणता येणार नाही. ते म्हणत चूक माझी, मी म्हणे माझी. ते म्हणाले, झाड माझं. मी म्हटलं, मापं माझी. ते म्हणाले, तुम्ही बाईमाणूस, छप्पर तुमचं गेलंय, जरा ऐका. मी म्हटलं, बाईमाणूस काढायचं काम नाही. साहेब एकदा यांच्याकडे, एकदा माझ्याकडे मान वळवत होते आणि खांदा आणखी खाली जात होता. शेवटी ते म्हणाले, की फॉर्मवर एकच ओळ आहे, तिथे दोन नावं मावत नाहीत.

"बारीक लिहा," वन्सं म्हणाल्या. "मावतात." आणि आपलं पत्र त्यांनी चार घड्या घालून कमरेला खोचलं.

साहेबांनी बारीक लिहिलं. त्यांनी काही लपवलं नाही आणि आम्हीही त्यांना लपवायला सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं: उभय शेजाऱ्यांना धोक्याची पूर्वकल्पना असल्याने कंपनी दिलगीर आहे. वन्संनी ते मोठ्याने वाचलं आणि टायपिंग चांगलं असल्याचं मान्य केलं.

तोवर झाडं कापणारे येऊन गेले होते. त्यांनी खोलीतून झाड नेलं तेव्हा ते बऱ्याच वेळा अडलं, दारात, खिडकीत, टेबलाच्या पायात, जसा जायचं मन नसलेला माणूस दहादा पिशवी विसरतो. खोली नुसतीच उघडी राहिली. वर आभाळ. मी एक दिवस तिथे बसून पाहिलं. जमेना. झाड असताना ती खोली होती.

त्याच संध्याकाळी डॉक्टर रस्त्याचा वळसा घालून आले आणि मला एक किल्ली दिली. दवाखान्याची. म्हणाले, मशीन दारातून जाईल का तेवढं मोजून घ्या, तुम्हाला येतं.

गेलं. आता मी त्या पुढच्या खोलीत शिवते. वर वाकड्या मानेचा मोठा गोल दिवा आहे, तो हवा तिथे ओढता येतो, आणि सुईत दोरा ओवायला त्याच्यासारखा उजेड मी जन्मात पाहिला नाही. दातांची खुर्ची तशीच आहे. गिऱ्हाइकं तिच्यावर टेकतात आणि थोड्या वेळाने आपोआप त्यांचं तोंड उघडतं. छपराचं आम्ही दोघांनी मिळून मनावर घेतलंय; ते सावकाश होतंय, आणि खरं सांगायचं तर कुणाला घाई नाही. कुंपणाजवळचा खुंट डॉक्टरांनी ठेवलाय. त्याला बाजूने दोन धुमारे फुटलेत, करंगळीएवढे. त्यांना मी अजून टेप लावलेला नाही. डॉक्टरांनीही ठकठक केलेली नाही. दोघंही लांबूनच बघतो.

गेल्या आठवड्यात डॉक्टर आतून आपली पँट घेऊन आले. पट्टा लावूनही सरकते, म्हणाले, जरा आत घेता का. मी त्यांना दिव्याखाली उभं केलं आणि टेप फिरवला. एकतीस. वही उघडली. त्यांचं पान माझ्या वहीत वीस वर्षं आहे, दर दोन वर्षांनी एक पँट. चौतीस, चौतीस, चौतीस. गेल्या खेपेला साडेबत्तीस.

मी पेन्सिल हातात घेतली, आणि मग खाली ठेवली.

"डॉक्टर, दीड इंच कमी आहे," मी म्हटलं. "गेल्या वेळीही दीड होतं. तेव्हा मी बोलले नव्हते."

खिडकीतून खुंट दिसतो, ते तिकडे बघत राहिले. मी विचारलं, जेवता काय तुम्ही? पाव, म्हणाले. आणि? आणि चहात बुडवून पाव. मग त्यांनी स्वतःहून सांगितलं, की चव लागत नाही, वर्ष होऊन गेलं असेल. हे कुणाला सांगितलं होतं का? कुणी विचारलं नव्हतं, ते म्हणाले. मी वन्संना हाक मारली. वन्संनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन निर्णय दिले: एक, उद्या सकाळी त्या स्वतः डॉक्टरांना खऱ्या डॉक्टरांकडे घेऊन जातील, लेखी तक्रारीसह. दोन, रात्रीचं जेवण आजपासून आमच्याकडे, आणि या विषयावर पत्रव्यवहार होणार नाही.

त्या गेल्यावर मी पँटची कंबर उसवायला घेतली. डॉक्टर तिथेच रेंगाळत होते. टेबलावरचे माझे खडू त्यांनी सरळ लावले. मग म्हणाले, "तुम्ही उजवीकडून चावत नाही."

मी वर पाहिलं.

"कुंपणावरून दिसतं. अंगणात बसून खाता तेव्हा. सहा महिने तरी झाले असतील. मला वाटलं, ज्याचं त्याला माहीत असतं."

"बारा वर्षं झाली त्या दाढेला," मी म्हटलं. "काही होत नाही तिला."

त्यांनी दिव्याची मान ओढून माझ्याकडे वळवली. खिशातून आरसा काढला, त्याबरोबर तपकिरी अस्तराची टोपीही बाहेर आली, ती त्यांनी पुन्हा आत ठेवली. मी पँट मांडीवर तशीच धरून खुर्चीला डोकं टेकलं. उजेड इतका होता की डोळे मिटले तरी लाल दिसत होतं, कौलांच्या धुळीसारखं. त्यांची मान तिरकी झाली असणार, ते मला न बघता कळलं.

ठकठक.

"इथे दुखतं?"

"दुखतं," मी म्हटलं.